सराफ बाजारातली धूळ: पाऱ्याला हात न लावता सोनं कसं काढायचं

नाशिकच्या जमिनीखाली काळा बेसॉल्ट आहे, त्यात सोन्याची खाण निघायची नाही. पण सराफ बाजारातल्या माड्यांवर रोज कानस चालते, आटणी होते, पॉलिश होतं. त्यातलं थोडं थोडं सोनं फरशीच्या भेगांत, झाडूच्या काड्यांत आणि हात धुतलेल्या पाण्यात जातं. ही धूळ विकत घेऊन, धुऊन त्यातून सोनं काढणं हे झारेकऱ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. परदेशातल्या छोट्या खाणींवर गाळ धुणारे लोक आणि इथले झारेकरी यांचं तंत्र जवळपास सारखंच आहे, आणि दोघांपुढचा धोकाही एकच: पारा. पारा बारीक सोन्याला धरून त्याचा गोळा बनवतो; तो जाळला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोनं उरतं.

जगात माणसाच्या कामांमुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा आहे. म्हणूनच २०१७ मध्ये अमलात आलेल्या, पाऱ्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने चार पद्धती सर्वांत वाईट ठरवल्या: सगळ्या दळलेल्या दगडात सरसकट पारा मिसळणं, पाऱ्याचा गोळा उघड्यावर जाळणं, तो वस्तीत जाळणं, आणि पारा लागलेल्या गाळावर पारा न काढताच सायनाईड वापरणं. भारताने हा करार २०१८ मध्ये मंजूर केला. सराफ बाजार म्हणजे भर वस्ती. खाली दुकान, वर कारखाना, शेजारी राहती घरं. इथे पारा जाळायला सुरक्षित अशी एकही जागा नाही.

मुख्य मुद्दा असा. खाणीत सोनं दगडात अडकलेलं असतं. ते दळून सुटलं तरी कण अतिशय बारीक निघतात, म्हणून खाणवाला पाऱ्याकडे वळतो. कारखान्याच्या धुळीतलं सोनं आधीपासूनच मोकळं धातूचं असतं आणि त्यातला बराच भाग कानशीचा, म्हणजे डोळ्यांना दिसेल एवढा असतो. त्याला पकडायला पारा लागतच नाही. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू अडीच पट. एवढा फरक असताना पाणी आणि टाकणखार यांवर काम होतं. ‘पारा सगळं सोनं ओढून घेतो’ हा समजही खरा नाही. मेण, तेल किंवा पॉलिशचा थर बसलेल्या कणाला पारा धरत नाही.

धूळ वेगळी ठेवली की निम्मं काम झालं

सर्वांत जास्त सोनं वाया जातं ते धुताना नाही, गोळा करताना. कारखान्यात चार डबे ठेवा आणि त्यांत कधीही सरमिसळ होऊ देऊ नका.

पहिला डबा कानशीच्या चुऱ्याचा. पाटाखाली खण किंवा चामड्याची झोळी असेल तर हा चुरा जवळजवळ शुद्ध मिळतो. त्यातून चुंबक फिरवून लोखंडाचे कण काढले की तो थेट आटणीला जातो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, म्हणजे पिशवी उलटी केली की लोखंड सुटं होतं आणि चुंबकाला सोनं चिकटून जात नाही. बावीस कॅरेटच्या १० ग्रॅम चुऱ्यात सुमारे ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. ते फरशीच्या कचऱ्यात मिसळून पुन्हा धूत बसणं म्हणजे स्वतःचंच नुकसान. कॅरेटप्रमाणे डबे वेगळे ठेवता आले तर आणखी चांगलं.

दुसरा डबा फरशीवरच्या झाडलेल्या धुळीचा, तिसरा पॉलिशच्या यंत्राच्या धुळीचा. चौथा म्हणजे हात धुतलेल्या पाण्याचा गाळ. यासाठी बेसिनची नळी थेट गटारात सोडू नका. वीस लिटरच्या तीन बादल्या उतरत्या क्रमाने मांडा; पहिली भरली की वरचं पाणी दुसरीत, दुसरीतून तिसरीत. दिवसाखेर पाणी गढूळच राहिलं तर वीस लिटरला चहाचा एक चमचा तुरटीची पूड ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं निवळलेलं पाणी पुन्हा हात धुवायला वापरा, तळाचा गाळ वाळवून डब्यात घाला. साबणाचा फेस जास्त असेल तर गाळ बसायला वेळ लागतो, म्हणून या बेसिनवर पावडर साबण नको.

फरशीवर विनाइलचा एकसंध पत्रा अंथरा आणि कडा भिंतीवर १० सेंटीमीटर चढवा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत वर्षानुवर्षं सोनं बसतं आणि फरशी उखडल्याशिवाय ते मिळत नाही. पंख्याचा वारा कामाच्या पाटावर येऊ देऊ नका. चपला दाराशी काढा आणि त्या पायपुसण्याची धूळसुद्धा दुसऱ्या डब्यात झटका.

भाजणं, चाळणं

भाजण्याआधी एक तपासणी सोडू नका. धूळ बाहेरून विकत घेतली असेल किंवा जुन्या कारखान्याची असेल, तर तिच्यात आधीचा पारा असू शकतो. मूठभर धूळ पसरट परातीत धुऊन तळ पाहा. पळणारे चांदीसारखे थेंब दिसले, किंवा पिवळ्या कणावर पांढुरकी झिलई दिसली, तर ती धूळ अजिबात भाजू नका. ती वेगळी बंद करून ठेवा. पुढचं पाऱ्याच्या भागात सांगितलं आहे.

पारा नसलेली धूळ भाजायची ती कापूस, केस, कागद, मेण जाळण्यासाठी. नाहीतर सोन्याचे बारीक कण या कचऱ्यावर बसून पाण्यावर तरंगत निघून जातात. आधी प्लास्टिक आणि वायरचे तुकडे हाताने वेचून काढा. पीव्हीसी जळाल्यावर फुफ्फुस जाळणारा आम्लाचा धूर निघतो. लोखंडी कढईत दोन बोटं जाडीचा थर, मंद आच, वर छताबाहेर गेलेलं धुराडं. फुंकणी किंवा पंखा वापरू नका, कारण बारीक सोनं राखेबरोबर उडतं. राख करडी झाली की थंड करा.

थंड राख खलात हलकेच कुटा आणि ३० मेशच्या (इंचाला ३० छिद्रांच्या) चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेल्यात सोन्याचे तुकडे, तारा, कड्या सापडतात. ते हाताने वेचा. खाली आलेल्या राखेवर पुन्हा चुंबक फिरवा. कोरडं काम आहे, म्हणून एन-९५ मास्क लावा. वाळूची, पॉलिशच्या पावडरीची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुफ्फुसं कडक होतात आणि त्यावर औषध नाही.

नाळीवर धुणं

नाळ म्हणजे वाहत्या पाण्यात जड सोनं अडवणारी उतरती पन्हाळी. ती घरीच बनवता येते. एक मीटर लांब, १५ सेंटीमीटर रुंद, बाजू ८ सेंटीमीटर उंच, प्लायवूड किंवा जाड पत्र्याची. तळाला कॉर्डरॉय कापड असं बसवा की त्याच्या रेघा पाण्याच्या आडव्या येतील. कॉर्डरॉय नसेल तर जुना खरखरीत टर्किश टॉवेल चालतो. कापडाखाली हवा राहू देऊ नका. ओलं करून, ताणून, कडांना पट्टी मारून बसवा. वरचं टोक खालच्या टोकापेक्षा १० ते १२ सेंटीमीटर उंच ठेवा. पाण्यासाठी कूलरचा छोटा पंप, मिनिटाला १५ ते १८ लिटर देणारा, पुरतो. कापडावरून पाण्याचा थर साधारण अर्धा सेंटीमीटर जाडीचा, सगळ्या रुंदीत सारखा वाहिला पाहिजे. नाळ आडवी कलली असेल तर पाणी एका बाजूने पळतं आणि त्या बाजूचं सोनंही; म्हणून पाणपातळी लावून तपासा.

नाळीखाली दोन टब लावा. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यातून पंप पाणी परत वर नेईल. असं केलं की दिवसाच्या कामाला साठ-सत्तर लिटर पाणी पुरतं आणि गटारात काहीच जात नाही.

राख बादलीत पाणी घालून पातळ कढीइतकी सैल कालवा. त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका, कारण सुकलेले बारीक कण पाण्याच्या ताणावर तरंगतात आणि साबणाने ते बुडतात. मग वाटीवाटीने नाळीच्या डोक्याशी सोडा. पाच किलो राखेला पाऊण तास तरी लागला पाहिजे. घाई केली की वाळूचा थर कापडाच्या रेघा बुजवतो आणि मागून येणारं सोनं त्यावरून घसरून जातं.

आता डोळे कापडावर ठेवा. पिवळी रेघ वरच्या एक-तृतीयांश भागात दिसली तर सगळं ठीक आहे. खालच्या टोकापर्यंत पिवळे ठिपके दिसू लागले तर उतार दोन सेंटीमीटर कमी करा किंवा पाणी कमी करा. उलट कापडावर काळी-करडी वाळू साचून राहत असेल तर उतार वाढवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पंप थांबवून कापड अलगद गुंडाळा आणि वेगळ्या बादलीत उलटं करून धुवा. आणि प्रत्येक वेळी पहिल्या टबातला मूठभर गाळ परातीत धुऊन पाहा. तिथे पिवळं दिसलं तर तो सगळा गाळ पुन्हा नाळीवर. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण धंद्याचा नफा इथेच ठरतो.

कापडातून निघालेला माल परातीत शेवटचा हात फिरवून कमी करा. अगदी शुद्ध पिवळा होईपर्यंत धूत बसू नका. शेवटच्या थोड्या वाळूमागे लागलं की बारीक सोनं जातं. चार भागांत एक भाग सोनं दिसू लागलं की थांबा. उरलेली घाण आटणीत टाकणखार काढेल.

टाकणखार घालून आटणी

फिलिपिन्सच्या बेंग्वेट भागातले छोटे खाणकाम करणारे लोक पाऱ्याशिवाय, टाकणखारावर सोनं काढतात. सोनाराला तर टाकणखार नवा नाही. तो वाळू आणि धातूंची भस्मं विरघळवून काचेसारखी पातळ मळी करतो आणि सोनं त्यातून खाली बसतं.

धुतलेला माल पूर्ण वाळवा. ओलसर राहिला तर मुशीत तडतडून बाहेर उडतो. टाकणखार आधी तव्यावर फुलवून, कुटून घ्या. कच्चा टाकला तर तो मुशीतच फुगून मालाला बाहेर ढकलतो. शंभर ग्रॅम मालाला शंभर ग्रॅम फुलवलेला टाकणखार आणि पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा, तोही तापवून कोरडा केलेला. मूस दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. नव्या मुशीला आधी चिमूटभर टाकणखाराचा लेप देऊन तापवा, नाहीतर तिच्या छिद्रांत सोन्याचे मणी अडकतात.

सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण मळी पातळ व्हायला त्याहून जास्त, ११०० ते ११५० अंश लागतात. उकळी आणि बुडबुडे थांबून रस शांत झाल्यावर आणखी दहा मिनिटं आच द्या. मग सुळकेदार लोखंडी साच्यात ओता. साचा आधी तापवलेला आणि पूर्ण कोरडा हवा, कारण ओल्या साच्यात रस पडला तर स्फोट होतो. थंड झाल्यावर उलटा करून हातोडीने मळी फोडा, तळाला गोळी मिळेल.

मळी फोडल्यावर ती काचेसारखी चमकली पाहिजे. ती दगडासारखी रवाळ असेल आणि तिच्यात मोहरीएवढे मणी अडकले असतील तर टाकणखार कमी पडला किंवा आच कमी पडली. ती मळी कुटून नाळीवर धुवा, पुढच्या आटणीत टाकणखार दीडपट करा. पॉलिशच्या लाल रूजमुळे मालात लोखंडाचं भस्म जास्त असेल तर दहा-वीस ग्रॅम स्वच्छ बारीक वाळू घाला, म्हणजे मळी पातळ होते.

एक गंभीर इशारा. केडीएमच्या (कॅडमियम मिसळलेल्या) डागाचे जुने दागिने ज्या कारखान्यात फोडले-जोडले जातात तिथल्या धुळीत कॅडमियम असतं. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते. पिवळट-तपकिरी धूर दिसला की बाहेर पडा. या धुराने त्या वेळी फारसं काही वाटत नाही. काही तासांनी ताप, खोकला आणि छातीत पाणी होतं, आणि माणूस जाऊ शकतो. अशा मालाची आटणी बंद माडीवर करूच नका. ओढणीचा पंखा आणि धुराडं असलेल्या रिफायनरीलाच तो द्या.

पॉलिशची धूळ, तेजाब आणि सायनाईड

तिसऱ्या डब्यातलं सोनं इतकं बारीक असतं की नाळीवर निम्मंही थांबत नाही. पॉलिशच्या यंत्राला पेटीबंद आवरण आणि कापडी गाळणी लावा, धूळ महिनाभर साठवा आणि रिफायनरीला विका. घरी अम्लराजात (सोनं विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवायच्या भानगडीत पडू नका. त्याचा तांबूस धूर आणि उरलेलं आम्ल दोन्ही शेजाऱ्यांच्या अंगावर जातात.

काही कारखान्यांत चकाकीसाठी सायनाईड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ‘बॉम्ब’ मारतात. त्याचं पाणी आणि तेजाबाचं (आम्लाचं) पाणी कधीही एका बादलीत, एका मोरीत येऊ देऊ नका. आम्ल सायनाईडला लागलं की हायड्रोजन सायनाईड वायू सुटतो आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. दोन्ही पाण्यांच्या कॅनचा रंग वेगळा, जागा वेगळी, आणि मोरीही वेगळी ठेवा.

नमुना आणि भाव

धूळ विकताना भांडणं होतात ती नमुन्यावरून. आधी चाळणीवरचे तुकडे वेगळे काढून त्यांचा हिशोब वेगळा करा. एक मोठा तुकडा नमुन्यात आला किंवा नाही आला, तर सगळा भाव बदलतो. चाळलेली धूळ स्वच्छ ताडपत्रीवर शंकूसारखी रचा, सपाट करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला करा. उरलेल्याची पुन्हा रास, पुन्हा चार भाग. चार किलोवरून असं पाव किलोवर या. त्याच्या तीन पुड्या करा: एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची, तिसरी दोघांच्या सह्यांनी बंद, वाद झाला तर तपासायला. झारेकऱ्यासमोर हे करणारा मालक त्याला फसवत नाही आणि स्वतःही फसत नाही. आटवलेली गोळी मात्र हॉलमार्क केंद्रात यंत्रावर तपासून मगच विका. नुसता कसोटीचा कस मिश्र सोन्याला पुरेसा नाही.

पारा आधीच घरात असेल तर

पारा साध्या खोलीत, शेगडी न लावताही वाफ होत राहतो. वीस अंशांना पाऱ्याने भरलेल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १३ मिलिग्रॅम वाफ असते. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाच्या सरासरीची मर्यादा एक मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ती वाफ १३ हजार पट जास्त. वाफेला वास नाही, रंग नाही. श्वासातून गेलेल्यापैकी सुमारे ८० टक्के रक्तात जाते. कापडी रुमाल काय किंवा एन-९५ काय, दोन्ही तिला अडवत नाहीत. दहा फूट बाय दहा फुटांच्या माडीवर दहा ग्रॅमचा गोळा जाळला तर त्यातला चार-पाच ग्रॅम पारा हवेत जातो. तेवढा हवेत मावतच नाही, म्हणून उरलेला भिंतीवर, छतावर, कपड्यांवर थिजतो आणि पुढे प्रत्येक कडक दुपारी पुन्हा वर येतो.

म्हणून साठा असेल तर जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत, वर दोन सेंटीमीटर पाणी ठेवून, बाहेर ठळक ‘पारा’ लिहून, काठ असलेल्या ताटात ठेवा. पारा मिसळलेली धूळही अशीच बंद डब्यात, ओलसर. मोरीत ओतू नका, भंगारवाल्याला देऊ नका. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली तो अधिकृत प्रक्रिया केंद्रालाच जायला हवा. नाशिकला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे विचारा. सात-आठ कारखान्यांनी मिळून एकत्र दिला तर खर्च परवडतो.

सांडला तर मुलांना आणि गरोदर बाईला आधी बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद ठेवा. झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच. दोन्ही त्याचे हजार थेंब करतात. जाड कागदाने थेंब एकत्र लोटा, सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या, उरलेले चिकटपट्टीने उचला. भेगांत गंधकाची पूड दाबून ठेवा. अंगावरचे कपडे घरच्या मशीनमध्ये टाकू नका.

गटार आणि पावसाळा

सराफ बाजाराचं पाणी सरस्वती नाल्यातून गोदावरीला मिळतं. मोरीत गेलेला पारा पाण्याबरोबर विरघळून संपत नाही. गाळात जिवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो. खालच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ. तिथले मासे लोक खातात. रामकुंड आणि सिंहस्थ यांच्या गप्पा मारताना आपल्या मोरीची नळी कुठे जाते हे आधी पाहायला हवं.

जूनच्या आधी तेजाब, सायनाईड, पारा आणि धुळीचे डबे तळमजल्यावरून वर हलवा. बाजारात पाणी शिरायला गोदावरी पूर्ण भरावी लागत नाही, नाला तुंबला तरी पुरतं. गटारातला गाळ काढायचा तर उघड्या गटाराच्या काठावरून, लांब दांड्याने, गमबूट आणि रबरी हातमोजे घालून. चेंबरमध्ये कुणीही उतरायचं नाही. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, तो जास्त झाला की त्याचा वासच कळेनासा होतो, आणि वर खेचायला उतरलेला दुसरा माणूसही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे.

ज्यांनी वर्षानुवर्षं पारा हाताळला आहे त्यांनी लघवीतला पारा तपासून घ्यावा, क्रिएटिनिनच्या आकड्यासोबत. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस मासे खाऊ नयेत. नमुना कामाचे कपडे बदलून, हात धुऊन द्यावा, नाहीतर बोटांवरचा पारा बाटलीत जातो. बोटांना बारीक थरथर, हिरड्या सुजणं, झोप उडणं, क्षुल्लक गोष्टीवर चिडचिड ही लक्षणं डॉक्टरला कामाचा उल्लेख करून सांगा, कारण नुसतं ‘हात थरथरतो’ म्हटलं तर पाऱ्याची शंका कुणाला येत नाही. पारा बंद केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा; शरीरातला पारा निम्मा व्हायला साधारण दोन महिने लागतात. आकडा उतरला नसेल तर पारा अजून खोलीतच आहे: फरशीचे सांधे, शेगडीच्या विटा आणि जिथे गोळा जाळला जायचा त्याच्या वरचं छत, या क्रमाने शोधा.